तक्रार नखाची, शंका स्वतःची

जेल पॉलिश नीट बसले तर दोन ते तीन आठवडे टिकते. बोटाचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते आणि पूर्ण नवे यायला जवळपास सहा महिने लागतात. म्हणजे नेल टेक्निशियनचे काम, चांगले असो की फसलेले, ग्राहकाच्या डोळ्यांसमोर बराच काळ राहते. मेकअप रात्री धुतला जातो, केसांची रचना दुसऱ्या दिवशी सुटते. तिसऱ्या दिवशी कडेने उचललेला रंग मात्र भाकरी थापताना, बँकेत सही करताना, पंगतीत वाढताना सारखा दिसतो, आणि बघणारी बाई विचारतेच, ‘‘कुठून करून घेतलं?’’ या कामात नव्याने उतरलेल्या मुलीला तक्रारीची धास्ती इतर पार्लरकामापेक्षा जास्त वाटते ती यामुळे.

परभणीसारख्या जिल्ह्यात त्यात आणखी भर पडते. परभणी शहरातल्या वसमत रोड, जिंतूर रोडच्या बाजूला काय किंवा सेलू, मानवत, गंगाखेडला काय, नेलचे काम बहुधा पार्लरच्या एका कोपऱ्यात चालते: एक टेबल, एक दिवा, रंगांच्या बाटल्यांची एक मांडणी. करणारीही एकटीच. आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो, पण त्यात त्वचा, केस, मेकअप आणि नखे असे सगळेच बसवायचे असते. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतले ब्यूटी पार्लरचे वर्गही असेच सर्वसाधारण. निव्वळ नखांचे काम शिकायचे तर छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद गाठून काही दिवसांचा क्लास करायचा, नाहीतर मोबाइलवरचे व्हिडिओ पाहायचे. क्लासमध्ये सराव होतो तो प्लॅस्टिकच्या टिपांवर किंवा शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या निरोगी नखांवर. गावी परतल्यावर समोर येतात ती धुण्याभांड्यांनी मऊ पडलेली, हळदीने पिवळी झालेली, मधूनच चिरलेली नखे. ‘असं का झालं?’ हे विचारायला जवळ कोणी जाणते नसते, आणि उत्तर मिळाले नाही की चुकीचा सगळा दोष मुलगी आपल्या हाताला लावते.

मानसशास्त्रात या भावनेसाठी एक नाव वारंवार वापरले जाते. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांच्या निरीक्षणावरून ‘इम्पोस्टर’ अनुभवाचे वर्णन केले. यश पदरात असूनही आपण लायक नाही, आपले पितळ कधीतरी उघडे पडेल, असे या स्त्रियांना वाटत असे. नव्या नेल टेक्निशियनला हे वर्णन आपलेसे वाटते, पण ते तिला अर्धेच लागू पडते. त्या स्त्रियांचे काम सिद्ध झालेले होते. हिचे व्हायचे आहे. तिच्या शंकेतला काही भाग खरा असतो. फायलिंग असमान होते, रंग क्युटिकलवर चढतो, एका हाताला दीड तास लागतो. या भागाला धीराच्या शब्दांनी उतार पडत नाही, सराव लागतो. उरलेला भाग खोटा असतो: एका ग्राहकाचे एक नख उचलले म्हणजे आपल्याला हे कामच जमणार नाही, हा निष्कर्ष. दोन्ही भाग मनात एकत्र राहिले की ते एकमेकांना वाढवतात. ते वेगळे काढायचे साधन बिघडलेले नख हेच आहे, कारण ते कुठून आणि कसे बिघडले यावरून कारण बऱ्यापैकी नेमके सांगता येते.

रंग क्युटिकलच्या बाजूने उचलला असेल आणि तेही सगळ्या बोटांवर, तर पूर्वतयारी कमी पडलेली असते. नखाच्या मुळाशी पाण्यासारखी पातळ मेलेली कातडी नखाला चिकटून असते. ती डोळ्यांना सहज दिसत नाही, आणि तिच्यावर लावलेले जेल नखाला न धरता त्या कातडीलाच धरते. कातडी सुटली की रंग सुटतो. बाजूच्या कडांनी उचलला असेल तर दिव्याखाली हात घालण्याआधी जेल कातडीवर गेले होते आणि पुसायचे राहिले होते. टोकाकडून उचलला तर नखाच्या पुढच्या धारेवरून ब्रश फिरवून ती बंद केली नव्हती, किंवा ग्राहक नखाने डबे उघडते, साडीची पिन काढते. एक्स्टेन्शन मधोमध तडकले तर नखाच्या मधल्या उंचवट्याची जागा चुकली, किंवा लांबीच्या मानाने थर पातळ राहिला. संपूर्ण रंग पापुद्र्यासारखा निघून आला असेल तर तो पापुद्रा मागवून उलटा करून पाहावा. मागची बाजू गुळगुळीत आणि स्वच्छ असेल तर नखावर तेल किंवा ओल होती, नाहीतर बेस कोट नीट पक्का झाला नव्हता. मागे पांढुरका, खरखरीत थर दिसला तर तो नखाचाच पापुद्रा आहे. म्हणजे जेल घट्ट बसलेले होते आणि कोणीतरी ते ओढून काढले.

फक्त दोन्ही अंगठ्यांचा रंग गेला, बाकी आठ बोटे शाबूत, अशी तक्रार नव्यांकडे फार येते. अंगठ्याचे नख इतर बोटांच्या नखांशी आडवे असते. चार बोटे दिव्याखाली सपाट ठेवली की अंगठा आपोआप कुशीवर वळतो, त्याच्या नखावर प्रकाश तिरपा पडतो आणि जेल वरून कडक दिसले तरी आतून कच्चे राहते. आधी चार बोटे, मग दोन्ही अंगठे शेजारी सरळ ठेवून वेगळे, असा क्रम ठेवला की ही तक्रार बंद होते. इतके साधे कारण माहीत नसल्यामुळे कितीतरी मुली महिनोन्महिने महागडे प्रायमर बदलत बसतात.

दिव्याच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जेल सुकत नाही. अतिनील किंवा त्याच्या जवळच्या जांभळ्या प्रकाशाने त्यातले रेणू एकमेकांत गुंफले जाऊन ते कडक होते. त्यासाठी ठरावीक तीव्रतेचा प्रकाश ठरावीक वेळ मिळावा लागतो. वीज गेली की अनेक जणी चार्जिंगच्या छोट्या दिव्यावर काम पुरे करतात. बॅटरी उतरत आली तरी काही दिवे लागलेलेच दिसतात, पण त्यांची ताकद कमी झालेली असते. दुपारी वीज गेली तेव्हा केलेल्या ग्राहकाची चौथ्या दिवशी तक्रार आली तर हातावर शंका घेण्याआधी दिव्यावर घ्यावी. गडद रंगाचा जाड थरही असाच फसवतो: काळा किंवा गर्द निळा रंग प्रकाश वरच अडवतो, खालचा थर कच्चा राहतो आणि वर सुरकुत्या येतात. दोन जाड थरांऐवजी तीन पातळ थर द्यावेत.

हवामानाचाही परिणाम होतो. मे महिन्यात परभणीचा पारा 42 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जेल पातळ होऊन कडांकडे वाहते आणि ॲक्रिलिकचा गोळा ब्रशवरून नखावर येईपर्यंतच धरू लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांखाली उतरतो. त्या दिवसांत तेच ॲक्रिलिक वेळेत धरत नाही. क्लास उन्हाळ्यात केला आणि काम हिवाळ्यात सुरू केले तर हात बिघडल्यासारखा वाटतो. हात तोच असतो, मालाचे तापमान बदललेले असते. उन्हाळ्यात बाटल्या खिडकीपासून दूर ठेवणे आणि एका वेळी एकाच नखावर जेल लावून ते दिव्याखाली घेणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

लग्नसराईतल्या तक्रारी वेगळ्या वर्गातल्या आहेत, आणि मराठवाड्यात व्यवसायाचा मोठा भाग लग्नसराईवर चालत असल्यामुळे त्या सविस्तर समजून घ्यायला हव्यात. नवरी हळदीच्या आदल्या दिवशी येते, पांढऱ्या टोकांचे फ्रेंच किंवा फिकट गुलाबी नखे करून घेते आणि हळदीच्या संध्याकाळीच फोटो पाठवते: नखे पिवळीधमक. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य टॉप कोटमध्ये शिरते. टॉप कोट कमी पक्का झाला असेल किंवा दिव्यानंतर वर राहणारा चिकट थर नीट पुसला नसेल, तर ते आणखी खोल जाते. म्हणून अशा नवरीला आधीच सांगायचे, की मरून, राणी किंवा लाल रंग घे. फिकटच हवा असेल तर हळदीआधी प्रत्येक नखावर साध्या पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दे आणि हळद उरकल्यावर ॲसिटोन नसलेल्या रिमूव्हरने तो पुसून टाक. डाग त्या पॉलिशवर बसतो, जेलवर नाही. तरीही पिवळेपणा राहिलाच तर टॉप कोटचा वरचा थर हलक्या हाताने बफ करून नवा टॉप कोट द्यावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि लग्नाच्या सकाळीही करता येते. कर्क्युमिन उजेडात फिके पडते, त्यामुळे हलका डाग उन्हाने आपोआपही कमी होतो.

मेंदीचे गणित उलटे आहे. मेंदीचा रंग नखातल्या केराटिनलाच धरतो आणि नख वाढून कापले जाईपर्यंत जात नाही. मेंदीच्या कोनात मिसळलेले निलगिरीचे तेल आणि रंग चढावा म्हणून वरून चोळलेले तेल नखावर राहते, आणि अशा नखावर बसवलेले जेल उचलले जाते. मेंदीनंतर नखे करायची असतील तर साबणाने धुऊन, पुसून, नखावरची ओल आणि तेल काढणारे डिहायड्रेटर दोनदा लावावे. शक्य असेल तर नखे आधी करावीत, मेंदी नंतर. नवरीला ही माहिती तारीख घेतानाच दिली तर होणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तिथेच थांबतात. ती नंतर दिली तर सबब वाटते.

बाकीच्या ग्राहकांचेही तसेच. शिक्षिका, नर्स, शेतात जाणारी बाई, सात-आठ माणसांचा स्वयंपाक करणारी सून, प्रत्येकीच्या नखाला वेगळा त्रास असतो. रोज ज्वारीच्या भाकरी थापणारीला लांब एक्स्टेन्शन दिले तर ते तुटणार, आणि तुटताना खालचे नख घेऊन तुटणार. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळक्या टोकांत नख अडकते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना नखे आखूड आणि बिनरंगाची ठेवावी लागतात. नमाज पढणाऱ्या अनेक ग्राहकांना वजूच्या वेळी पाणी नखापर्यंत पोहोचायला हवे असते. त्यांना तीन आठवड्यांचे जेल देण्यापेक्षा सहज काढता येणारी प्रेस-ऑन नखे किंवा नुसती फायलिंग-बफिंगची सेवा योग्य. काम सुरू करण्याआधी ‘‘ताई, घरी काय काय काम असतं?’’ एवढा प्रश्न विचारला तर लांबी, आकार आणि रंग यांचा निर्णय बराचसा तिथेच होतो. नवीन मुली हा प्रश्न टाळतात, कारण ग्राहकाने मोबाइलवर दाखवलेल्या डिझाइनला नाही म्हणणे म्हणजे आपली कमतरता कबूल करणे, असे त्यांना वाटते. वास्तविक जाणत्या टेक्निशियनची ओळख अशा नकारातच पटते.

एवढी काळजी घेऊनही तक्रारी येतातच. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकात असमाधानी ग्राहकापुढचे दोन मार्ग मांडले: निघून जाणे किंवा बोलून दाखवणे. बोलून दाखवणारी ग्राहक अजून नाते तोडत नसते. लहान गावात हे फार खरे आहे. न बोलता गेलेली बाई परत येत नाही, पण भिशीत, महिला मंडळात, शाळेच्या गेटवर सांगत राहते. फोन करणारी बाई दुरुस्तीची संधी देत असते.

त्या फोनवरची पहिली दोन-तीन वाक्ये महत्त्वाची. ‘‘ताई, तिसऱ्याच दिवशी निघालं हो,’’ असे पलीकडून आले की घाबरलेली मुलगी दोनपैकी एक करते: ‘‘तुम्ही पाण्यात हात घातले असतील,’’ म्हणून अंग झटकते, किंवा ‘‘सॉरी, सॉरी, पैसे परत करते,’’ म्हणून बिघाड न पाहताच सगळा दोष पत्करते. दोन्हींमुळे कारण कळायची वाट बंद होते. त्यापेक्षा बरे म्हणजे, ‘‘वाईट वाटलं ऐकून. कोणत्या बोटाचं, कुठल्या बाजूनं निघालं? एक फोटो पाठवा, आणि ओढून काढू नका. उद्या चारला या, मी बघते.’’ यात दिलगिरी आहे, चौकशी आहे आणि वेळ दिलेली आहे. दोष कोणाचा हे अजून ठरलेले नाही. आल्यावर आधी नख बघावे, मग बोलावे. कारण आपल्या कामात सापडले तर तसे सरळ सांगून विनामूल्य दुरुस्त करावे. कारण वापरात सापडले तर तेही तितक्याच शांतपणे दाखवावे. पापुद्र्याच्या मागे चिकटलेला नखाचा थर ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की वाद उरत नाही. किती दिवसांपर्यंत दुरुस्ती फुकट, किती नखांपर्यंत, ओढून काढलेल्याचे काय, हे भिंतीवर आणि पावतीवर मराठीत लिहिलेले असले की ओळखीच्या, नात्यातल्या बायकांशीही अवघड बोलणे टळते. चारचौघांत आवाज चढवणाऱ्या ग्राहकाला बाजूला बसवून पाणी द्यावे आणि हातातले काम पुरे करून मगच बोलावे. व्हॉट्सॲप स्टेटसवर किंवा गूगलवर वाईट लिहिले गेले तर तिथे एकच सभ्य उत्तर द्यावे, दुरुस्तीसाठी बोलवावे आणि थांबावे.

काही तक्रारी मात्र दुरुस्तीच्या नसतात. दिव्यात हात घातल्यावर क्षणभर चटका बसणे हे जाड थराचे किंवा पातळ झालेल्या नखाचे लक्षण आहे. हात लगेच बाहेर काढून थर पातळ केला की भागते. पण बोटांच्या टोकांना दिवसेंदिवस खाज, लाली, बारीक फोड, किंवा पापण्यांना सूज आली तर ती ॲक्रिलेट गटातल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याबाबत जाहीर इशारा दिला. तिथे आणि आयर्लंडमध्ये तपासलेल्या रुग्णांपैकी 2.4 टक्के जणांना या गटातल्या किमान एका रसायनाची ॲलर्जी आढळली होती. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि पुढे दातांच्या किंवा सांध्यांच्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या तशाच पदार्थांनाही शरीर विरोध करू शकते. अशा ग्राहकाला ‘सवय होईल’ म्हणू नये. जेल काढावे, पुन्हा लावू नये आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. टेक्निशियनचा स्वतःचा धोका तर रोजचा आहे. कच्चे जेल कातडीला लागू न देणे आणि नायट्राइलचे मोजे घालणे ही तिच्या रोजगाराचीच राखण आहे. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून जेलमधल्या टीपीओ या घटकावर बंदी घातली आहे, म्हणून माल घेताना घटकांची यादी वाचायची सवय लावावी. उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत नसलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

उचललेल्या जेलखाली ओल साचून नखावर हिरवा डाग पडला तर तो बहुधा स्यूडोमोनास जिवाणूचा असतो. त्यावर रंग झाकू नये. जाड, पिवळे, भुगा पडणारे नख, सुजलेले नखुरडे, रक्त आलेली कड, मधुमेह असलेल्या बाईच्या पायावरची जखम, यांपैकी काहीही दिसले तर काम न घेता डॉक्टरकडे पाठवायचे. हेपटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो, म्हणून क्युटिकल निपर निर्जंतुक न करता दुसऱ्या हाताला लावणे हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली येते. ग्राहक 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा जिल्हा आयोगाकडे जाऊ शकते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात आयोगाकडे तक्रार करायला शुल्क नाही. नखाची तक्रार तिथवर क्वचितच जाते. तरी प्रत्येक ग्राहकामागे वहीत एक पान ठेवणे टेक्निशियनच्या हिताचे आहे: तारीख, आधीची नखांची स्थिती, ॲलर्जी विचारली का, कोणते बेस-रंग-टॉप वापरले, किती सेकंद दिव्याखाली, वीज गेली होती का, आधीचा आणि नंतरचा फोटो. पुढे तक्रार आली तर त्याच पानावर कारण लिहायचे.

या वहीचा शंकेवर होणारा उपयोग कायद्यापेक्षा मोठा आहे. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडले, की स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास सर्वांत जास्त स्वतः पार पाडलेल्या कामांतून येतो. इतरांना पाहून किंवा कौतुक ऐकून येतो तो त्यापेक्षा कमी. अडचण अशी, की पार पडलेली कामे लक्षात राहत नाहीत. नखे छान टिकलेली ग्राहक तसे सांगायला फोन करत नाही. वहीत मात्र ती नोंदलेली असते, आणि तीन आठवड्यांनी रिफिलला आली की शाबूत नखांचा फोटो तिथेच चिकटवता येतो. महिन्याअखेरीस वही चाळली की दिसते, की पाच तक्रारींपैकी तीन अंगठ्यांच्या होत्या, एक हळदीची, एक ओढून काढल्याची. ‘मला जमत नाही’ या वाक्याच्या जागी अंगठे वेगळे धरण्याचे काम उरते.

सरावही त्याच नोंदींवरून ठरवावा. क्युटिकलकडून उचलण्याच्या तक्रारी येत असतील तर आठवडाभर नवीन नेल आर्ट बाजूला ठेवून फक्त पूर्वतयारी करावी, बहिणीच्या, शेजारणीच्या हातावर, आणि ती नखे चौदाव्या दिवशी बोलावून तपासावीत. दर ठरवतानाही शिकाऊ काळ लपवू नये. कमी दरात साधे जेल पॉलिश द्यावे आणि एक्स्टेन्शनची ऑर्डर सरळ नाकारावी. सलग बऱ्याच ग्राहकांची साधी नखे दोन आठवडे न उचलता टिकू लागली की टिपा आणि जेल एक्स्टेन्शन घ्यावे. ॲक्रिलिक त्यानंतर, आणि परभणीच्या हवेत त्याची सुरुवात मे महिन्यात न करता पावसाळा सरल्यावर करावी.